पायाची आणेवारी

दुष्काळात पाणी वाढलं की माणसं नाचतात, हे कुणीही सांगेल. पाणी हातभर खाली गेलं म्हणून टाळ्या पिटणाऱ्या तीस बायका मी लातुरात माझ्या डोळ्यांनी पाहिल्या आहेत. त्यात शेवंताबाई होती, जी एरवी टाळी वाजवायची ती फक्त डास मारायला. आणि त्यात मीही होते. शाळेतली मराठीची बाई, रिकामी घागर दोन पायांत धरून तोंडात दोन बोटं घालून शिट्टी मारायचा प्रयत्न करत होते. हा सगळा तमाशा उभा केला होता वत्सलाबाईंनी. इतक्या वर्षांनी त्यांच्याबद्दल लिहायला बसले तरी माझं मन जागेवर राहत नाही.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. उस्मानाबादचे हेलपाटे संपले म्हणून गावाला कोण आनंद! रोज कुठल्या तरी नव्या कचेरीची पाटी लागायची. एक ऑफिस अडत्याच्या माडीवर, दुसरं कुणाच्या गोदामात. पाटीचा रंग ओला असायचा आणि साहेब अजून यायचे असायचे. सरकारी दवाखान्याच्या नावामागे 'जिल्हा' लागला तशा तिथे काही नव्या जागा निघाल्या, आणि त्यातल्या एकीवर नांदेडहून वत्सलाबाई आल्या. त्यांच्या हुद्द्याचं इंग्रजी नाव लांबलचक होतं. दवाखान्याच्या शिपायाने दोन दिवस ते म्हणून पाहिलं, तिसऱ्या दिवशी 'कसरतबाई' असं सुटसुटीत नाव ठेवून मोकळा झाला, आणि साऱ्या गावाने तेच उचललं.

बाई मूळच्या देगलूरच्या. पंचेचाळिशीच्या, उंच, काटक. चालणं असं की बरोबरच्या माणसाने पळायचंच. पर्समध्ये पावडर-कंगवा काही नाही, फुटाण्यांची पुडी आणि गेरूचा एक खडा. गेरू कशाला ते पुढे कळलं. देगलूरला तेलुगू कानावर पडतच असतं, त्यामुळे रोग्याकडून कसरत करून घेताना त्या आकडे तेलुगूत मोजायच्या. "वकटी, रेंडू, मूडू, नालुगू..." मी एकदा विचारलं, मराठीत का नाही मोजत? म्हणाल्या, "मराठीत मोजलं की रोगी हिशेब करतो, किती राहिले म्हणून. तेलुगूत त्याला कळत न्हाई. गुमान करतो."

माझी त्यांची ओळख भांडणाने झाली म्हटलं तरी चालेल. त्यांनी आमच्या गल्लीत खोली घेतली होती. पहिल्याच भेटीत नाव-गाव विचारायचं सोडून त्या माझ्या पायांकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मास्तरीणबाई, डाव्या टाचेवर जोर देऊन राहिलात. चप्पल बदला, न्हाईतर कंबर धरंल." मला असा राग आला! घरी येऊन चप्पल उलटी करून पाहिली. डावी टाच झिजून कागद झाली होती. चप्पल बदलली, पण त्यांना सांगितलं नाही. त्यांनी दुसऱ्या दिवशी लांबूनच ओळखलं आणि हसल्या.

आमच्या गल्लीच्या मागे एक बंद पडलेलं जिनिंग होतं, आणि जिनिंगच्या भिंतीला लागून व्यंकट राहायचा. तिशीचा गडी. औसा-किल्लारी रस्त्यावर खाजगी जीप चालवायचा. नव्या जिल्ह्याच्या कचेऱ्यांना ड्रायव्हर हवे होते, त्यात त्याची निवड झाली. नेमणुकीच्या पत्राला त्याच्या बायकोने, मंगलने, हळदकुंकू वाहिलं होतं. आणि दिवाळीनंतर त्याला ताप आला. चार दिवसांत पाय गेले, मग हात. नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात जीव वाचला. हात हळूहळू परत आले. पाय मात्र अंथरुणावर परक्याचे असल्यासारखे पडून होते.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, नसांचा आजार आहे, नसा पुन्हा जाग्या होतायत, पण पाय वापरात आणले पाहिजेत. आता वापरायचे कसे? उभं केलं की गुडघे मोडायचे. उभा राहिला तर पायात जोर येणार, आणि जोर आला तर उभा राहणार. कचेरीने एकदा मुदत वाढवून दिली होती. जूनमध्ये वैद्यकीय तपासणी, ती शेवटची. तिथे स्वतःच्या पायाने चालत जायचं आणि जीपचा ब्रेक दाबून दाखवायचा. जमलं नाही तर यादीतला पुढचा माणूस. व्यंकट दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायचा. बोलणं तर बंदच.

मंगल एक दिवस कसरतबाईंना हाताला धरूनच घरी घेऊन आली. बाईंनी हातोडीने गुडघे ठोकून पाहिले, तळव्यावर नख ओढलं, मांडी दाबली. चेहरा खुलला. "हाय, जीव हाय! पाणी कुठंय?" मंगल धावत जाऊन तांब्या घेऊन आली. "प्यायला नको गं, बुडवायला! छातीच्या वर चढंल इतकं पाणी लागतं."

त्या उन्हाळ्यात लातुरात छातीच्या वर पाणी! नळाला आठ दिवसांनी पाणी यायचं, तेही करंगळीएवढं. विहिरींचे तळ उघडे पडले होते. पण जिनिंगच्या आवारात एक हौद होता. कापसाला आग लागली तर हाताशी असावा म्हणून जिनिंगमध्ये असा हौद बांधतातच. वीस फूट लांब, दहा फूट रुंद, तळ सपाट, कोपऱ्यात उतरायला सात पायऱ्या. मागच्या पावसाळ्यात भरलेलं पाणी त्यात पुरुषभराला थोडं कमी उरलं होतं. प्यायच्या लायकीचं नव्हतं, पण गल्लीतल्या म्हशी आणि धुणी त्याच्यावरच चालायची. ते संपलं की संपलं, भरायला विहीरही नव्हती.

जिनिंगचे मालक शिवलिंगअप्पा. कपाळावर भस्माचे तीन ठसठशीत पट्टे, बोलणं सावकाश. बाई मला घेऊन गेल्या, लिंगायतांच्या रीतीने "शरणार्थ, अप्पा," म्हणाल्या आणि हौद मागितला.

"बाई, हौद आगीसाठी हाय. उद्या आग लागली तर?"

"अप्पा, दोन वर्षं कापसाचं बोंड आलं न्हाई तुमच्या दारात. आग लागायला तरी काय हाय इथं?"

अप्पांनी तोंड फिरवून रिकाम्या आवाराकडे पाहिलं. मला वाटलं, गेलं काम. मग ते उठले आणि फाटकाची किल्ली बाईंच्या हातावर ठेवली. "आग लागंल असा कापूस पुढच्या साली पिकू दे, इतकंच म्हना," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चार हमालांनी व्यंकटला खुर्चीसकट हौदावर आणलं. गल्ली गोळा झाली होतीच. बाईमाणूस परपुरुषाला पाण्यात धरणार म्हणून निम्म्या जणींनी पदर तोंडाला लावलेला. बाई आल्या त्या चॉकलेटी नऊवारीचा घट्ट काष्टा घालून. एरवी दवाखान्यात पांढरी पाचवारी. त्यांनी पदर खोचला, मंगलला म्हणाल्या, "तूबी चल. नवरा तुझा हाय, मी एकटी कशाला धरू?" मंगलने आयुष्यात घोट्याच्या वर पाणी पाहिलेलं नव्हतं. ती रडायला लागली. बाई म्हणाल्या, "चपला काढ. भीती तिथंच चपलंजवळ ठेव. जाताना पायजे तर घेऊन जा." आणि तिला घेऊन उतरल्या.

व्यंकटला पाण्यात सोडला. दोघींनी दोन्ही बाजूंनी धरला. पाणी गळ्याशी आलं. बाईंनी हात थोडा सैल केला, मग अजून थोडा. आणि व्यंकट, चार महिने न बोललेला व्यंकट, असा ओरडला की भिंतीवरची कबुतरं उडाली. "मी उभा हाय! मंगल, बग की, उभा हाय मी!" मंगल घाबरायचं विसरली. काठावर पदर तोंडाला लावलेल्या बायकांचे पदर कधी डोळ्यांना गेले, त्यांनाही कळलं नसेल.

बाहेर आल्यावर बाईंनी आम्हाला समजावून सांगितलं. पाणी माणसाचं वजन उचलतं. जितकं खोल पाणी तितका माणूस हलका. "गळ्यापर्यंत पाण्यात हा दोन आणे माणूस हाय. छातीला पाच आणे. कमरेला निम्मा, म्हंजे आठ आणे. गुडघ्याला चौदा. कोरड्यावर सोळा आणे. तलाठी पिकाची आणेवारी काढतो का न्हाई? मी पायाची काढते." त्या वर्षी पिकांची आणेवारी सगळ्यांच्या तोंडी होती. त्यावरच तर दुष्काळ जाहीर व्हायचा. त्यामुळे ही गोष्ट गल्लीला जशी कळली तशी दुसऱ्या कुठल्या भाषेत कळली नसती.

मग पर्समधला गेरू बाहेर निघाला. हौदाच्या आतल्या भिंतीवर बाईंनी व्यंकटच्या मापाने रेघा ओढल्या. गळा, छाती, कंबर, मांडी, गुडघा, घोटा. आणि नियम सांगितला. "पाणी तुमचंच हाय. पण व्यंकट एका रेघेवर दहा फेऱ्या मारीपर्यंत पाणी त्या रेघेच्या खाली जाता कामा नये. मारल्या की पुढच्या रेघेपर्यंत तुमचं."

शेवंताबाई कडाडली. तिच्या घरी दोन म्हशी. "आन् तवर म्हशीला काय ह्याचे पाय पाजू का?"

"तवर घराला दोन घागरी. एरवीही पुरवूनच वापरा, न्हाईतर चैतातच तळ बगाल," बाई म्हणाल्या. मी खोटं बोलणार नाही, माझ्याही कपाळाला आठी पडली होती. कुणाचे पाय आणि कुणाच्या घागरी! पण अप्पांची किल्ली बाईंकडे होती.

आणि मग जे झालं त्याची कल्पना कुणीच केली नव्हती. पुढची रेघ मोकळी होणार व्यंकटच्या चालण्यावर, म्हणून सगळी गल्ली व्यंकटच्या मागे लागली! सकाळी घागरी घेऊन बायका काठावर बसायच्या आणि तो चालायला लागला की एकसुरात, "वकटी! रेंडू! मूडू!" माझ्या शाळेतल्या पोरींनी तेलुगूचे आकडे पाठ केले. शेवंताबाई तर पहाटे त्याच्या दारात उभी. "उठला का न्हाई त्यो? माझी म्हस तानलीय, उठवा त्याला!" ज्या दिवशी गळ्याची रेघ सुटली आणि पाणी छातीवर आणायचं ठरलं, त्याच दिवशीच्या त्या टाळ्या. माझी शिट्टी काही वाजली नाही.

पाणी कमरेवर आलं तेव्हा बाईंनी ब्रेकची तयारी सुरू केली. माझ्याकडून ॲल्युमिनियमची मोठी तपेली मागून नेली. ती पाण्यात पालथी घातली की आत हवा अडकते आणि तपेली खाली जायला तयारच होत नाही. व्यंकटने भिंतीला पाठ लावून उजव्या पायाने ती दाबायची. "दाब! सोड. दाब! म्हैस आडवी आली, दाब!" तपेली पायाखालून निसटून उसळायची आणि बाईंच्या तोंडावर पाणी. त्या खदाखदा हसायच्या. वीस वर्षं या कामात घालवलेली बाई इतकी पोरीसारखी हसते, याचं मला फार नवल वाटायचं. माझ्या तपेलीला पार पोचे पडले. मी त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही, हे मात्र नोंदवून ठेवते.

एप्रिलच्या शेवटी व्यंकट मांडीच्या रेघेवर आला आणि गाडी अडली. इथे पाणी फार उचलत नाही. दोन पावलं टाकली की गुडघा मोडायचा. तिसऱ्या दिवशी तो चांगला तोंडावर आपटला, हनुवटी फुटली, पाण्यात रक्त. बाई दवाखान्यात होत्या, मंगल एकटीच त्याच्याजवळ. व्यंकट पायरीवर बसला आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. मंगलने हाक मारली, ओ दिली नाही. सगळ्या बायका घागरी घेऊन उभ्या. आता हा पुन्हा चार महिने बोलणार नाही, असंच वाटलं.

तेव्हा शेवंताबाई पुढे झाली. आपल्या भरलेल्या दोन्ही घागरी तिने उचलल्या आणि हौदात ओतल्या.

"काय करून राहिलीस ग?" कुणीतरी ओरडलं.

"लेकरू पडून राहिलंय. चढू दे पाणी थोडं. माझी म्हस मरत न्हाई एका दिसानं," ती म्हणाली. आवाज भांडणाचाच होता.

मग दुसरीने ओतली. मग मी. मग बायका घरी पळाल्या, टिपाडातलं, रांजणातलं साठवलेलं पाणी आणायला. त्या दुष्काळात, जिथे एका हंड्यावरून झिंज्या धरल्या जायच्या, तिथे तीस बायका रांगेने पाणी परत ओतत होत्या. चार बोटं पाणी चढलं. आम्हाला काय अभिमान वाटला म्हणून सांगू!

इतक्यात बाई आल्या. भिंतीवरची बुडालेली रेघ पाहिली, आमच्या हातातल्या रिकाम्या घागरी पाहिल्या, आणि भडकल्या. "अगं बायांनो, काय केलंत हे! आठ दिवसांत पायावर घेतलेलं वजन तुमी परत काढून घेतलं! हलकं करून कुणाचा पाय चालतो का? दया आली तर घरी रडा, हौदात ओतू नका!" आम्ही सगळ्या पोरींसारख्या माना खाली घालून. बाई अजून बोलणार होत्या, पण त्यांची नजर पुन्हा त्या बुडालेल्या रेघेवर गेली. त्या काठावर बसल्या आणि पदराने तोंड पुसत राहिल्या. "नांदेडला इतकी वर्षं काढली," म्हणाल्या. "भरल्या गोदावरीच्या काठी. पण असं पाणी कुणी दिलेलं पाह्यलं न्हाई."

मग पायरीवरून आवाज आला. "काढा ते पाणी."

व्यंकट होता. भिंतीला धरून उभा राहत होता. "शेवंतामावशी, घागर भर. सगळ्याजणी भरा. म्हशी तानलेल्या ठेवून मला न्हाई चालायचं. काढा पाणी, मी उभा राहतो." बाईंनी मान वर केली. इतके दिवस त्या सांगायच्या आणि तो करायचा. आज पहिल्यांदा त्याने हुकूम सोडला. बाई ताडकन उठल्या. "ऐकलं का न्हाई? भरा घागरी!" आणि आम्ही भरल्या. चार बोटं पाणी उतरलं, आणखी दोन बोटं जास्तच उतरलं, आणि त्या दिवशी व्यंकटने मांडीच्या रेघेवर सहा फेऱ्या मारल्या. पडला दोनदा. पण उठवायला कुणाला जाऊ दिलं नाही.

मे संपता संपता हौदात घोट्याएवढं पाणी राहिलं, मग तेही गेलं. तळाचा गाळ बायकांनी खराट्याने झाडून काढला. तपासणीला तीन दिवस होते. व्यंकट कोरड्या तळावर, हौदाच्या एका टोकाला भिंत धरून उभा. बाई काठावर. पाणी नसलेला हौद भलताच मोठा दिसत होता.

"बाई, तुमी खाली या," तो म्हणाला.

"मी कशाला? माझं काम पाण्यात. पाणी संपलं."

"पडलो तर?"

"तर फरशी लागंल. लागू दे."

त्यांचा आवाज कोरडा होता, पण मी शेजारी उभी होते. त्यांनी माझं मनगट असं आवळून धरलं होतं की बांगडी रुतली. व्यंकटने भिंत सोडली. कुणीही आकडे मोजले नाहीत. बारा-तेरा पावलं असतील. मध्ये एकदा गुडघा लचकला, त्याने तो सावरला, दात खाऊन उभा राहिला, आणि चालला. पायऱ्यांशी पोचला. एक एक करून सातही पायऱ्या चढून वर आला आणि बाईंसमोर उभा राहिला. तो त्यांच्यापेक्षा दोन बोटं उंच आहे, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. बाईंनी माझं मनगट सोडलं आणि पुढे होऊन दोन्ही हातांनी त्याचे खांदे धरले. "सोळा आणे," म्हणाल्या. "सोळा आणे रे, राजा." मी इतकी रडले की मलाच लाज वाटली.

तपासणीत तो पास झाला. उजवा पाय किंचित मंद आहे असा शेरा मिळाला, दर सहा महिन्यांनी पुन्हा दाखवायला सांगितलं, पण नोकरी लागली. त्या पावसाळ्यात हौद भरला आणि चाकूरकडून, उदगीरकडून माणसं यायला लागली. कुणी बाजेवर, कुणी बैलगाडीत. बाई दोन वर्षं त्या हौदात उतरत राहिल्या. मग त्यांची नांदेडला परत बदली झाली. विष्णुपुरीच्या धरणाने तिकडे पाणी अडवलं होतं. मी म्हटलं, आता तुमची चंगळ आहे. म्हणाल्या, "तिथं पाणी कमी करायचं म्हटलं तर कुणी ऐकणार न्हाई हो, मास्तरीणबाई." आणि हसल्या, पण नेहमीसारख्या नाही.

त्या निघाल्या त्या सकाळी चाकूरला पोरांना तपासायचं शिबिर होतं. तिथलं काम उरकून पुढे नांदेडची एसटी धरायची, असा त्यांचा बेत. दवाखान्यासाठी कचेरीने जीप दिली होती आणि जीपवर ड्रायव्हर व्यंकट. खाकी कपडे, कडक इस्त्री. आम्ही सगळ्या जिनिंगच्या फाटकाशी उभ्या. बाई ट्रंक मागे टाकून पुढे त्याच्या शेजारी बसल्या. जीप सुरू झाली, वीस पावलं गेली आणि गचकन थांबली. रस्त्यात कुणी नव्हतं. पुन्हा निघाली, पुन्हा गचकन थांबली.

"बिगडली का काय गाडी?" शेवंताबाईने विचारलं.

मंगल हसत होती आणि डोळे पुसत होती. "न्हाई ओ मावशी. पुढल्या आठवड्यात दाखवायचंय ना त्याला पुन्हा. बाई करून घेऊन राहिल्या."

जीप निघायची, थांबायची. खिडकीतून बाईंचा हात बाहेर यायचा, आमच्यासाठी की त्याच्यासाठी ते कळत नव्हतं. मग मोठ्या रस्त्याच्या वळणावर, समोर चिटपाखरू नसताना, जीप पुन्हा एकदा करकचून थांबली.